जुन्या मिनीचं आतलं कपलिंग पुन्हा पुन्हा फाटतंय? मजबूत पार्ट मागवण्याआधी हे तपासा

क्लच सोडताना समोरून एक बसका 'धप्प' आवाज येतो. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की 'टक', परत दाबला की 'टक'. ठरावीक वेगाला पायाखालच्या पत्र्यातून थरथर जाणवते आणि चाकं बॅलन्स करूनही ती जात नाही. गाडी १९७३ च्या आधीची मिनी, म्हणजे ती छोटी ब्रिटिश कार, असेल तर या लक्षणांवरून निदान जवळपास ठरलेलं आहे: ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) आतल्या टोकाचं रबर कपलिंग, म्हणजे जोड, गेलं. नवीन टाकलं की गाडी छान चालते आणि एक-दोन रॅलींनंतर (जुन्या गाड्यांच्या स्पर्धांनंतर) तेच दुखणं परत येतं. मग मालक वैतागून "सगळ्यात मजबूत जे मिळेल ते टाका" म्हणतो. तिथे थांबायला हवं.

मी इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो आणि हौशी लोकांच्या मिनी हिस्टोरिक रॅलींसाठी तयार करायला मदत करतो. ही माहिती इंग्रजीत तुकड्यातुकड्यांनी मिळते, मराठीत मला कुठे एकत्र सापडली नाही. जुन्या गाड्या स्वतः उघडणारे आपले लोक पुण्या-मुंबईत आहेत, इथेही आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

नेमकं काय फाटतं

१९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी आणली ती आडव्या इंजिनाची, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली, आणि दोघांना तेल एकच. डिफरेन्शियल, म्हणजे जोर दोन चाकांत वाटणारा गिअरसंच, मागच्या अंगाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा). तिथून दोन शाफ्ट चाकांकडे जातात. बाहेरच्या टोकाला, चाकाशी, चाक वळलं तरी जोर एकसारखा पोचवणारा सहा गोळ्यांचा सीव्ही जॉइंट आहे. मारुती ८०० मध्ये फुल वळवल्यावर 'कट-कट' करतो तोच प्रकार. आतल्या टोकाला स्प्लाइनवर (शाफ्टवर कापलेल्या लांब दातांवर) सरकणारा फ्लँज (बोल्ट लावायचा पसरट भाग) आहे, आणि तो फ्लँज व डिफरेन्शियलचा फ्लँज यांच्या मधोमध क्रॉसच्या आकाराचं रबर कपलिंग. क्रॉसचे समोरासमोरचे दोन हात एका फ्लँजला, उरलेले दोन दुसऱ्या फ्लँजला, प्रत्येक हातावर एक यू-बोल्ट. हातांच्या आत लोखंड, बाकी सगळं रबर. म्हणजे इंजिनाचा सगळा जोर लोखंड आणि रबर यांच्या जोडावरून चाकाकडे जातो.

तो जोड सुटायला लागला की हात बाहेरच्या बाजूला सरकतो. यू-बोल्ट फिरता फिरता गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनिअम केसिंगवर घासतो, पुढे ठोके मारतो आणि शेवटी भोक पाडतो. तेल एकच असल्यामुळे त्या भोकातून इंजिनचंही तेल रस्त्यावर जातं. एका रबरी तुकड्यापायी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत नुकसान पोचू शकतं. म्हणून 'धप्प' ऐकू आल्यावर "ही रॅली काढू, मग बघू" असं करू नका. गाडी पिटवर घ्या, टॉर्च घेऊन खाली जा आणि केसिंगवर चकचकीत घासल्याची रेघ आहे का ते आधी पाहा. रेघ दिसली तर गाडी तिथेच उभी राहू द्या.

रबर का मरतं

फाटलेलं कपलिंग फेकू नका. हातात घ्या, ते बरंच सांगतं.

रबर फुगलेलं, मऊ, चिकट असेल तर कारण तेल. डिफरेन्शियलच्या आउटपुट शाफ्टचं सील आणि गिअर सिलेक्टर शाफ्टचं सील, ही दोन्ही कपलिंगच्या अगदी जवळ आहेत. गळणारं तेल फिरत्या फ्लँजवर पडतं आणि सगळीकडे उडतं. सील न बदलता नवीन कपलिंग टाकलं तर तेही त्याच वाटेने जाणार. सील बदलताना आउटपुट शाफ्टवर सील जिथे बसतं तिथे नखाने चाचपून बघा. खाच लागली तर नवं सीलही गळेल.

रबर कडक, वरून बारीक बारीक भेगा पडलेलं असेल तर उष्णता किंवा वय. मिनीचा एक्झॉस्ट त्याच बाजूने खाली उतरतो. रॅलीच्या गाड्यांना लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवलेला असतो आणि त्याची एखादी नळी कपलिंगच्या फार जवळून जाते. इंजिन हललं की ती आणखी जवळ येते. मध्ये पत्र्याचं छोटं कवच बसवलं तरी फरक पडतो. आणि वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं 'नवीन' कपलिंग रबराच्या दृष्टीने जुनंच असतं. विकत घेताना कपलिंगचा हात वाकवून बघा, त्याच्या मुळाशी भेग उघडली तर परत करा.

रबर चांगलं आहे, पण लोखंडापासून स्वच्छ सुटलंय, असं असेल तर एक तर मालच कच्चा होता, नाहीतर त्याच्यावर झटके येतायत. झटक्यांचं पहिलं कारण इंजिनाचं डोलणं. मिनीच्या इंजिनाच्या वरच्या भागातून फायरवॉलकडे एक आखूड दांडा जातो, स्टेडी बार. त्याच्या दोन टोकांचे रबरी बुश गेले की इंजिन प्रत्येक क्लचला पुढे-मागे झोकांड्या खातं. डिफरेन्शियल त्याच्यासोबत हलतं, चाक मात्र जागेवर असतं. त्या हालचालीचा सगळा फटका आतल्या कपलिंगला. तपासणं सोपं आहे: हँडब्रेक घट्ट, बॉनेट उघडं, एक जण आत बसून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच पकडीपर्यंत सोडतो, दुसरा बाजूला उभा राहून बघतो. समोर उभं राहायचं नाही. इंजिन किंचित कलणं ठीक, पण कार्ब्युरेटर फायरवॉलवर झेपावत असेल तर बुश गेले. रॅलीसाठी कडक पॉलियुरेथेन बुश टाकावेत आणि नंतरच्या मिनींना खालच्या बाजूला येतो तसा दुसरा स्टेडी बार नियमात बसत असेल तर जरूर लावावा.

आता ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते कारण, आणि माझ्या मते पुन्हा पुन्हा फाटणाऱ्या कपलिंगांमागे बहुतेक वेळा हेच असतं: सरकती स्प्लाइन. चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी बदलावी लागते. ती बदलते या स्प्लाइनवर. तिच्यावरचा छोटा रबरी बूट फाटला की आत पाणी जातं, ग्रीस धुऊन निघतं, गंज चढतो. गाडी उभी असताना हाताने हलवली तर ती सरकतेही, म्हणून तपासणारा फसतो. पण जोर असताना, म्हणजे खड्ड्यातून अ‍ॅक्सिलरेटर दाबून बाहेर पडताना, कोरडी स्प्लाइन अडकते. लांबी बदलायची गरज तर असतेच. मग ती ओढ कोण सोसतं? रबर. पिळण्यासाठी बनवलेलं रबर ताणलं जातं, आणि जोड तिथेच सुटतो.

शाफ्ट काढून टेबलावर ठेवा. फ्लँज उपसा, दोन्ही भाग रॉकेलमध्ये ब्रशने धुवा, पुसून कोरडे करा आणि ग्रीस न लावता परत जोडा. शाफ्ट उभा धरला की फ्लँज स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत घसरत गेला पाहिजे. मधे कुठे अडखळला तर तिथे दाताच्या कडेला पायरी पडलेली असते. नख फिरवलं की कळतं. पायरी असलेली स्प्लाइन कानस मारून गुळगुळीत करायची नाही. त्याने ढिलाई वाढते आणि 'टक' आवाज कायमचा होतो. भाग बदला. ठीक असेल तर मॉलिब्डेनमचं ग्रीस भरपूर भरा, नवा बूट चढवा, आणि दर रॅलीनंतर हा बूट बघायची सवय ठेवा.

शेवटचं कारण उंची. खडबडीत रस्त्यासाठी सस्पेन्शनच्या शंकूच्या आकाराच्या रबरी स्प्रिंगखालचे भाग बदलून गाडी वर उचलतात. गाडी वर गेली की शाफ्टचा बसल्या जागीच कोन वाढतो. त्यात वरच्या आर्मखालचा रिबाउंड रबर गायब असेल तर चाक हवेत लटकताना शाफ्ट प्रमाणाबाहेर वाकतो. तो रबर स्वस्त आहे, बसवायला वेळ लागत नाही, आणि जुन्या गाड्यांमध्ये हमखास चुरा झालेला सापडतो. टाय बारचे बुशही त्याच वेळी बघा. ते ढिले असतील तर चाक पुढे-मागे पळतं आणि शाफ्टला आणखी एक नको ती हालचाल मिळते.

यू-बोल्टबद्दल एवढंच: प्रत्येक वेळी नवे लॉकनट, दोन्ही बाजूंना सारखे आटे बाहेर दिसेपर्यंत आलटून पालटून आवळायचे, आणि थोडी गाडी चालवून परत एकदा पाना लावायचा. एका बाजूने ओढून आवळलेला यू-बोल्ट कपलिंगच्या हाताला तिरका धरतो.

जोर किती येतो, हिशेब करून बघू

८४८ सीसीच्या मूळ मिनीचा टॉर्क (पिळायचा जोर) सुमारे ६० न्यूटन-मीटर. पहिला गिअर ३.६३, फायनल ड्राइव्ह (डिफरेन्शियलचं गिअर-प्रमाण) ३.७६५. गुणाकार सुमारे ८२०, दोन शाफ्टांना अर्धा-अर्धा, म्हणजे प्रत्येकी ४१०. कपलिंग जन्माला आलं ते या आकड्यासाठी.

१२७५ सीसीच्या कूपर एस या जोरदार मिनीचा टॉर्क १०७ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.२०, आणि रॅलीसाठी फायनल ड्राइव्ह ४.२६ च्या आसपास घेतला तर प्रत्येक शाफ्टवर सुमारे ७३०. जवळजवळ पावणेदोन पट.

पण एवढा जोर शाफ्टपर्यंत सतत येत नाही, कारण टायर आधी घसरतो. दोन माणसं आणि सामान धरून पुढच्या एका चाकावर अडीचशे किलो भार मानू. १० इंची रिमच्या टायरची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर. डांबरावर पकड पूर्ण एक धरली तरी ६०० न्यूटन-मीटरच्या आतच चाक फिरून जातं. खडीवर तर त्याच्या बरंच आधी. म्हणजे टायर हाच शाफ्टचा फ्यूज आहे.

शाफ्ट आणि कपलिंग तुटतात ते हा फ्यूज काम करत नाही तेव्हा. असे प्रसंग मोजकेच आहेत. उडी मारून उतरताना अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असेल तर हवेत भरधाव फिरणारं चाक जमिनीवर आपटतं. त्या क्षणी चाकावरचा भार कितीतरी वाढलेला असतो, पकडही वाढलेली असते, आणि फ्लायव्हील, क्लच, गिअर यांत साठलेली सगळी गती एकदम थांबायला बघते. ती सगळी शाफ्टमधून जाते. ओल्या खडीवर घसरणारं चाक अचानक कोरड्या डांबरावर आलं तरी हेच. आणि तिसरा प्रसंग डाव्या पायाने ब्रेक मारण्याचा. टिमो मॅकिनेन आणि राऊनो आल्टोनेन या फिनिश चालकांनी मिनीत हे तंत्र गाजवलं, म्हणून प्रत्येक मिनीवाल्याला ते करून बघायचं असतं. मिनीचे ब्रेक चाकाशी आहेत, डिफरेन्शियलशी नाहीत. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर असताना इंजिनाचा जोर अडवायला टायरसोबत ब्रेकही उभा राहतो. चाक घसरून सुटका होत नाही. मग शाफ्टला इंजिनाचा पूर्ण आकडा सोसावा लागतो.

म्हणून मालक गाडी घेऊन आला की गाडी उघडण्याआधी मी त्याला एकच विचारतो, तू चालवतोस कसा? रेग्युलॅरिटी प्रकारच्या रॅलीत, जिथे ठरावीक सरासरी वेग राखायचा असतो, तिथे चांगलं रबर कपलिंग पुरतं आणि माझ्या मते तेच ठेवावं. ते झटका थोडा गिळतं, गिअरचे दात वाचवतं, गाडी शांत राहते. जंगलातल्या स्पेशल स्टेजला, जिथे पूर्ण वेगाने घड्याळाशी शर्यत असते, मात्र रबर ठेवू नये.

फ्लायव्हील हलकं केलं तर साठलेली गती कमी, झटका कमी. हे शाफ्ट न बदलता शाफ्ट वाचवणं आहे. पण मूळ बीड फ्लायव्हील खरवडून नव्हे. त्यासाठी स्टीलचंच घ्यावं, बीड जास्त वेगाला फुटण्याचा धोका असतो आणि मिनीत ते तुमच्या गुडघ्यांपासून लांब नाही.

रबराऐवजी काय

पहिला पर्याय सुयांच्या बेअरिंगचा लोखंडी क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, हार्डी स्पायसर पद्धतीचा. ऑटोमॅटिक मिनीला आणि नंतरच्या कूपर एसला कंपनीनेच हा दिला होता, त्यामुळे त्या काळाशी प्रामाणिक राहून मजबुती मिळवण्याचा हा सरळ मार्ग. तेलाने फुगत नाही, उष्णतेने कडक होत नाही. पण क्रॉस टाकला म्हणजे वरची सगळी तपासणी माफ झाली असं नाही, उलट जास्त कडकपणे करावी लागते. क्रॉस कोनात फिरताना बाहेर येणारी गती एकसारखी नसते. १० अंशांच्या कोनात ती प्रत्येक फेरीत दीड टक्का पुढे-मागे होते, २० अंशांत सहा टक्के. बाहेरच्या टोकाला सीव्ही असल्यामुळे हा चढउतार तिकडे भरून निघत नाही. गाडी फार उंच ठेवली तर क्रॉसवाल्या मिनीत थरथर येते ती याचमुळे, आणि ती फिरून डिफरेन्शियलच्या बेअरिंगवर जाते. क्रॉस लावला की गाडीची उंची अशी ठेवा की उभ्या गाडीत आतला कोन अगदी थोडा राहील.

क्रॉस घेताना ग्रीस निपलचं भोक नसलेला, सीलबंद प्रकार घ्यावा. भोक पडलेल्या अंगात तडा लवकर जातो. सर्क्लिप खोबणीत पूर्ण बसला की नाही ते बोटाने फिरवून बघा. कप ठोकताना एक सुई आडवी पडली तर क्रॉस हाताला दाणेदार लागतो. तसाच बसवला तर पहिल्या रॅलीत जातो.

दुसरा पर्याय १९७३ पासून कंपनीने दिलेला आतला 'पॉट' जॉइंट. यात कोन आणि लांबी दोन्ही गोळ्यांवर सांभाळले जातात, सरकती स्प्लाइनच नाही, त्यामुळे वर सांगितलेलं सगळ्यात मोठं दुखणं मुळातून जातं. रस्त्यावर रोज चालवायच्या मिनीला मी डोळे मिटून हाच सुचवतो. पण काम मोठं आहे. शाफ्ट, जॉइंट, डिफरेन्शियलची साइड कव्हरं, सील हे सगळं एका गाडीतलं, एका संचाचं घ्या. तीन ठिकाणचे तुकडे जमवून केलेला पॉट जॉइंट डिफरेन्शियलमधून निसटलेला मी पाहिला आहे. आणि एफआयए या जागतिक मोटरस्पर्धा संघटनेच्या, जुन्या गाड्यांसाठीच्या अपेंडिक्स के नियमांखाली धावणाऱ्या गाडीला त्या मॉडेलला त्या काळात मान्य असलेलेच भाग लागतात. १९६५ च्या गाडीला १९७३ चा जॉइंट लावला तर तपासणीत अडचण येईल. पैसे घालण्याआधी गाडीचं होमोलोगेशन, म्हणजे मान्य भागांची नोंद, वाचा.

शाफ्ट जाड करणं हा उपाय नाही

"व्यास वाढवू" ही पहिली कल्पना प्रत्येकाच्या मनात येते. व्यास १० टक्के वाढवला की पिळाची ताकद सुमारे ३३ टक्के वाढते, हे खरं. पण ताठपणा ४६ टक्के वाढतो. ताठ शाफ्ट झटका पोटात घेत नाही, पुढे ढकलतो. मग तुटायची जागा शाफ्टऐवजी सीव्हीचा गोळ्या धरणारा पिंजरा किंवा डिफरेन्शियल होते, आणि ते बदलणं शाफ्टपेक्षा कितीतरी महाग.

चांगल्या रॅली शाफ्टची मधली काठी स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक असते, म्हणजे पीळ पूर्ण लांबीत पसरतो आणि स्प्लाइनच्या शेवटच्या दाताशी गोळा होत नाही. काठीतून स्प्लाइनकडे जाताना मोठी गोलाई हवी, लेथवरच्या टूलची तिथे एकही रेघ नको. स्टील एन २४ प्रतीचं किंवा त्याच्या तोडीचं, योग्य उष्णता प्रक्रिया केलेलं, वरून शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा). भोसरी-पिंपरीत एन २४ मिळतो आणि उत्तम टर्नरही मिळतात, पण नुसता एन २४ चा दांडा टर्निंग करून, स्प्लाइन कापून दिला तर तो मूळ शाफ्टपेक्षा कमजोर निघू शकतो. मजबुती उष्णता प्रक्रियेतून येते. कडकपणा किती, कोणत्या खोलीपर्यंत, हे लेखी मागा.

तुटलेल्या शाफ्टचा तोंडवळा नीट बघा. आडवा, सपाट, फिरवलेल्या पोताचा तुकडा असेल तर एका मोठ्या झटक्यात पीळ पडून तुटला. तिरकी, सर्पिल चीर असेल आणि एका जागेपासून बाहेर पसरत गेलेल्या बारीक कमानी दिसत असतील तर तडा खूप आधीपासून वाढत होता. त्या कमानींचं मूळ शोधा. बहुतेक वेळा तिथे पान्याने पडलेला ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा वेल्डिंगचा शिंतोडा सापडतो. त्यासाठी जाड शाफ्ट नको, स्वच्छ शाफ्ट हवा.

एक सोपी युक्ती, जी मी प्रत्येक गाडीवर करतो: नवा शाफ्ट बसवण्याआधी त्याच्यावर टोकापासून टोकापर्यंत सरळ पांढरी रंगाची रेघ मारायची, आणि डावा-उजवा लिहायचं. रॅलीनंतर गाडी वर घेतली की रेघ बघायची. ती वळली असेल तर शाफ्ट पिळून परत न येण्याइतका थकला आहे. तुटला नसला तरी काढा. आणि डावा शाफ्ट कधीही उजवीकडे लावू नका. तो एका दिशेच्या पिळाला सरावलेला असतो, उलट दिशेचा पीळ दिला की आधी सोसलेलं सगळं त्याच्या विरुद्ध जातं.

बाहेरचा सीव्ही, हब आणि डिफरेन्शियल

सीव्हीचं थोडक्यात. मोकळ्या मैदानात फुल वळवून दोन्ही बाजूंना गोल फेऱ्या मारा, 'कट-कट' आली तर जॉइंट गेला. मोंटे कार्लोच्या हिस्टोरिक रॅलीत कोल द तुरिनीसारख्या घाटात एकामागून एक हेअरपिन येतात आणि प्रत्येकाच्या तोंडावर पूर्ण वळवलेल्या चाकांना पूर्ण जोर मिळतो. तिथे सीव्ही मरतो. चाकं थोडी सरळ झाल्यावर जोर द्या, एवढ्यानेच त्याचं आयुष्य खूप वाढतं. आपल्याकडे डावा-उजवा सीव्ही अदलाबदल करून गोळ्यांच्या खाचांची न झिजलेली बाजू वापरतात. रोजच्या मारुतीला ते चालून जातं. रॅलीच्या गाडीला करू नका, पिंजरा तोवर झिजलेला असतो. ड्रम ब्रेकच्या गाडीचा आणि डिस्क ब्रेकच्या गाडीचा सीव्ही वेगळा आहे, मागवताना हब (चाक बसतं तो भाग) बघून मागवा.

डिस्कवाल्या हबवर मोठ्या नटाखाली चिरलेली कोनाकृती कॉलर असते. ती कोरडी आणि स्वच्छ बसवा, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा आणि कॉटर पिन घाला. भोक जुळत नाही म्हणून नट मागे फिरवणं हा तिथला नेहमीचा गुन्हा आहे. पुढे नेऊनच जुळवायचं. ढिला नट हबच्या स्प्लाइन्स खाऊन टाकतो आणि आवाज मात्र हुबेहूब गेलेल्या कपलिंगसारखा येतो.

डिफरेन्शियलची मूळ रचना एका पिनवर दोन छोटे गिअर अशी आहे. एक चाक खडीवर फिरत राहिलं की ते गिअर पिनवर भरधाव फिरतात, पिन चटकते, झिजते आणि एक दिवस सुटून केसिंग फोडते. शाफ्ट आणि कपलिंग मजबूत केल्यावर पुढचा नंबर हिचाच. चार गिअरचा, आडव्या-उभ्या पिनांचा डिफरेन्शियल बसवणं हे स्पेशल स्टेजच्या गाडीत शाफ्टइतकंच गरजेचं. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक नुसतं मोकळं फिरू न देणारा) लावणार असाल तर लक्षात घ्या, त्यानंतर अर्धा-अर्धा हा हिशेब संपला. पकड असलेल्या एका चाकाच्या शाफ्टवर निम्म्याहून बराच जास्त जोर जाऊ शकतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी, आधी नाही. तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बोटांमध्ये चोळून बघा. काळी मऊ राख ठीक. टोचणारा कण मिळाला तर डिफरेन्शियल उघडा.

मिनी नाही, पण दुखणं हेच असेल तर

हिलमन इम्प या ब्रिटिश गाडीला, जिच्यात रोझमेरी स्मिथ यांनी १९६५ ची ट्युलिप रॅली जिंकली, शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला गोल रबरी रोटोफ्लेक्स कपलिंग असतात. ती स्टीलच्या पट्टीने आवळून येतात. पट्टी सगळे बोल्ट बसल्यावरच कापायची. आधी कापली तर रबर दाबाखाली राहत नाही आणि लवकर चिरतं. तिथेही तेल आणि लटकणारं चाक हेच शत्रू.

आपल्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड अजून बऱ्याच घरांत आहे. तिचा मागचा हाफ शाफ्ट हबच्या टेपरजवळ (निमुळत्या भागाजवळ), चावीच्या, म्हणजे हबला शाफ्टशी जखडणाऱ्या लोखंडी पाचरीच्या, खाचेच्या कोपऱ्यातून तुटतो. शाफ्ट काढलाच तर त्या कोपऱ्यावर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून तडा बघा, आणि हब टेपरवर शंभर टक्के बसतो का ते निळा रंग लावून तपासा. टेपर नीट बसला तर जोर टेपर सोसतो. अर्धवट बसला की सगळा जोर चावीवर, आणि तिथून तडा.

वाटेत कपलिंग तुटलं तर

तुटल्याचं लक्षात येताच क्लच दाबा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. साध्या डिफरेन्शियलमध्ये एका बाजूचं कपलिंग सुटलं की दुसऱ्या बाजूनेही गाडी ओढली जाणार नाही, त्यामुळे प्रयत्न करण्यात अर्थ नाही. उलट फिरणारा यू-बोल्ट केसिंग फोडेल. टो करायचं झालं तरी पुढची चाकं फिरली की शाफ्ट आणि लोंबणारं कपलिंगही फिरणार. पुढची चाकं उचलून न्यायची सोय नसेल तर गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा, उरलेले यू-बोल्ट काढा, सरकता फ्लँज शाफ्टवरून उपसा आणि मोकळं टोक कशालाही लागत नाही हे चाक हाताने फिरवून बघा. लागत असेल तर तसं टो करू नका, गाडी ट्रकवर चढवा. शाफ्ट पूर्ण उपसून नुसतं चाक फिरवत नेऊ नका. हबची बेअरिंग सीव्हीच्या खुंटीवर आणि त्या मोठ्या नटावरच आवळलेली असतात. खुंटी नसेल तर बेअरिंग काही किलोमीटरमध्येच सुटी होतात.